रेड-५ मधली डिस्क ‘पडली’ म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न अमळनेरच्या एका फोटो-व्हिडिओ स्टुडिओकडून आला आहे. लिनक्सवर चालणारा सर्व्हर, त्यात ४ टीबीच्या चार डिस्क (त्यांना अ, ब, क, ड म्हणू), लिनक्समधल्या एमडी सॉफ्टवेअरने केलेला रेड-५ (म्हणजे अनेक डिस्क जोडून केलेला एक साठा, ‘ॲरे’, ज्यात एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो). लग्नांचं शूटिंग आणि अल्बमच्या फाइली मिळून साधारण ९ टीबी भरलेले. आखाजीनंतरच्या लग्नसराईत एका दुपारी ॲरे बंद पडला. आता सर्व्हर म्हणतो, चारपैकी दोनच डिस्क हाताशी आहेत, एवढ्यावर ॲरे सुरू होत नाही. तपासल्यावर कळलं की ब डिस्क मार्चमध्येच बाहेर फेकली गेली होती आणि कुणाला पत्ताच नव्हता. ड डिस्क परवा बाहेर पडली, तिच्यावर पेंडिंग सेक्टर (वाचता न आलेले छोटे तुकडे) २४. क चालू आहे, पण तिच्यावर सीआरसी एरर (माहिती वाटेत बिघडल्याची नोंद) ३१२. अ स्वच्छ. बोलावलेला तंत्रज्ञ म्हणतो, चारही डिस्क लावून ॲरे नव्याने ‘क्रिएट’ करू, डेटा आपोआप दिसायला लागेल. करू का?

भाऊ, नका करू. सर्व्हर बंद करा, आणि हे पूर्ण वाचून होईपर्यंत बंदच राहू द्या.

एमडीएडीएमला (एमडीचे ॲरे हाताळायचं साधन) रेड-५ क्रिएट करायला सांगितलं की तो यादीतली शेवटची डिस्क रिकामी धरतो आणि आधीच्या तिघींवरून हिशोब करून तिच्यावर लिहायला लागतो. तुम्ही अ, ब, क, ड असा क्रम दिलात तर लिहिलं जाणार ड वर, आणि हिशोबात धरली जाणार मार्चपासून शिळी झालेली ब. म्हणजे एप्रिल-मे मधली लग्नं जिच्यावर शाबूत आहेत नेमकी तीच डिस्क पुसली जाईल. त्यात डिस्कवर डेटा कुठून सुरू होतो तो ऑफसेट एमडीएडीएमच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत वेगळा आहे, त्यामुळे क्रम बरोबर असला तरी फाइलसिस्टम (डिस्कवरची फाइलींची मांडणी) दिसेलच असं नाही. जुन्या जाणत्यांना क्रिएट वापरून ॲरे परत मिळवता येतो हे खरं आहे. पण ते शेवटचं हत्यार आहे, आणि तेही ‘सगळं स्वच्छ आहे असं समज’ हा पर्याय देऊन, डिस्कच्या कॉप्यांवर. पहिल्या दिवशी, मूळ डिस्कांवर ते कुणी सुचवत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता मूळ मुद्दा. रेड-५ मध्ये पहिली डिस्क गेल्याने सहसा कोणाचा डेटा जात नाही. जातो तो दुसऱ्या, ‘चांगल्या’ समजलेल्या डिस्कवर महिनोन्‌महिने कुणी न वाचलेल्या एखाद्या खराब जागेमुळे. तुमच्याकडे तेच झालं आहे. ते का होतं हे कळण्यासाठी पॅरिटी (हरवलेलं परत काढायला ठेवलेली जादा माहिती) कशी चालते ते एकदा पाहू.

रोजमेळात तीन रकमा लिहिल्या आणि खाली बेरीज मांडली. एखादी रक्कम शाईने पुसली गेली तर बेरजेतून उरलेल्या दोन वजा करून ती परत काढता येते. दोन पुसल्या तर नाही. रेड-५ मध्ये बेरजेच्या जागी एक्सॉर (बिटांवरची एक साधी क्रिया) असतो आणि ‘बेरीज’ एकाच डिस्कवर न ठेवता पाळीपाळीने चारही डिस्कांवर फिरते, एवढाच फरक. म्हणून ४ टीबीच्या चार डिस्कांतून १६ नाही, १२ टीबी मिळतात. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली तेव्हा महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त, लहान डिस्कांचा गठ्ठा वापरायचा असा विचार होता. त्या काळच्या डिस्क मेगाबाइटांत मोजत. आज एका डिस्कवर ४ टीबी आहेत, आणि सगळा घोळ तिथेच आहे: हरवलेली एक डिस्क भरून काढायला उरलेल्या तीन डिस्कांवरचा प्रत्येक सेक्टर वाचता यावा लागतो. तुमच्या बाबतीत १२ टीबी, एकही अडखळ न होता.

डिस्क बनवणारे स्वतःच छापतात की साध्या डिस्कवर १०चा १४वा घात एवढे बिट वाचताना जास्तीत जास्त एखादं वाचन कायमचं फसू शकतं. ते होतात १२.५ टीबी. एंटरप्राइझ (मोठ्या सर्व्हरसाठीच्या) डिस्कवर हा आकडा बहुधा दहापट चांगला असतो. हा हिशोब शब्दशः धरला तर तुमचा रिबिल्ड (हरवलेली डिस्क भरून काढणं) शंभरात साठ वेळा तरी फसायला हवा. प्रत्यक्षात एवढं वाईट नसतं, छापलेला आकडा कमाल मर्यादा आहे आणि बऱ्याच डिस्क त्याहून पुष्कळ चांगल्या वागतात. ‘रेड-५ मेला’ असं इंटरनेटवर दर वर्षी कोणीतरी जाहीर करतो, ते मला पटत नाही. नियमित तपासलेला रेड-५ रिबिल्ड होतो. न तपासलेला मात्र जुगार आहे.

एरर कोणत्या जातीची आहे?

डिस्क ‘पडली’ असं आपण म्हणतो तेव्हा तीन अगदी वेगळ्या गोष्टींपैकी एक झालेली असते. कोणती, हे न पाहता डिस्क बदलणारे बरेच भेटतात, आणि बदललेली डिस्क पुष्कळदा निर्दोष निघते.

पहिली जात म्हणजे डिस्कच्या तबकडीवरची खराबी. स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) यादीत ५, १९७ आणि १९८ हे क्रमांक पाहायचे. १९७ म्हणजे पेंडिंग: हा सेक्टर मला वाचता आला नाही, पण त्यावर पुन्हा काही लिहिलं जाईपर्यंत मी निर्णय राखून ठेवते. लिहिलं गेलं की दोनपैकी एक होतं. जागा ठीक निघाली तर पेंडिंग कमी होतो आणि गोष्ट संपते. खराबच निघाली तर डिस्क राखीव जागेतला सेक्टर वापरते आणि ५ क्रमांकाचा रीॲलोकेटेड आकडा वाढतो. तुमच्या ड वर २४ पेंडिंग आहेत. आजच्या डिस्कांत खरा सेक्टर ४०९६ बाइटांचा असतो आणि मोजणी ५१२ च्या हिशोबाने होते, त्यामुळे हे आकडे बऱ्याचदा आठाच्या पटीत हलतात. २४ म्हणजे बहुधा तीनच जागा, मिळून १२ केबी. नऊ टीबीतले १२ केबी! तेवढ्यासाठी ॲरे झोपला आहे.

इथे एमडीचं वागणं समजून घ्या. ॲरे पूर्ण असताना एखादा सेक्टर वाचता आला नाही तर एमडी बाकीच्या डिस्कांवरून तो परत काढतो, तुम्हाला फाइल देतो आणि तीच माहिती खराब जागेवर पुन्हा लिहून पाहतो. लिहिता आलं तर डिस्क ॲरेमध्येच राहते, लॉगमध्ये एक ओळ पडते आणि कुणाला काही कळतही नाही. ॲरे एकदा डिग्रेड झाला, म्हणजे त्यातली एक डिस्क कमी झाली, की ही सोय संपली. मार्चमध्ये ब गेली त्या क्षणापासून ड वरचा प्रत्येक खराब सेक्टर निरुपाय झाला होता.

दुसरी जात रस्त्याची. १९९ क्रमांक, सीआरसी. डिस्कने पाठवलेलं कंट्रोलरपर्यंत किंवा उलट दिशेने नीट पोचलं नाही, पुन्हा पाठवावं लागलं. यात तबकडीचा काही दोष नाही. साटा केबल सैल, तिचं टोक काळवंडलेलं, बॅकप्लेनमध्ये धूळ, नाहीतर पॉवरचा स्प्लिटर ढिला. हा आकडा कधीच शून्यावर येत नाही, केबल बदलली तरी जुने ३१२ तसेच दिसणार. म्हणून त्याच्याकडे पाहायची रीत वेगळी: आज लिहून ठेवा, केबल बदला, आठवड्याने पुन्हा पाहा. तेवढाच असेल तर क निर्दोष. वाढत असेल तर बे (डिस्क बसते तो खण) बदलून पाहा. एरर बेबरोबर राहते की डिस्कबरोबर जाते यावरून दोषी सापडतो. धरणगाव-चोपड्याकडच्या जिनिंगमधल्या मशीन उघडून पाहा, पंख्यावर कापसाच्या तंतूंचा थर आणि कनेक्टरमध्येही तेच. तिथे सीआरसी दिसली की मी आधी ब्लोअर आणि केबल काढतो, डिस्कचं बोलणं नंतर.

चार डिस्क एकाच स्वस्त पॉवर सप्लायवर असतील तर तोही संशयित धरा. ३.५ इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टच्या लाइनवर दीड-दोन अँपिअर ओढते. चौघी एकदम उठल्या की लाइन क्षणभर खाली बसते, आणि त्या क्षणी एखादी डिस्क गायब होऊन परत येते. लॉगमध्ये ते डिस्क मेल्यासारखंच दिसतं.

तिसरी जात सगळ्यात फसवी आहे: वाट पाहण्याची. घरगुती वापराच्या डिस्कला सेक्टर वाचता आला नाही तर ती हट्टाने पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, कधी मिनिटभर, कधी त्याहूनही जास्त. तिच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, एकट्या डिस्कवरचा डेटा दुसरीकडे कुठे नसतो. पण लिनक्सचा कर्नल (मूळ गाभा) एका आज्ञेसाठी डीफॉल्ट ३० सेकंदच थांबतो. उत्तर आलं नाही की तो लिंक रीसेट करतो, तरीही डिस्क बोलली नाही तर एमडी तिला काढून टाकतो. एक सेक्टर खराब, आणि चार टीबीची डिस्क घराबाहेर. नॅस (नेटवर्कवरचा साठा) किंवा एंटरप्राइझ डिस्कला साधारण ७ सेकंदांत प्रयत्न सोडून ‘वाचता आलं नाही’ असं सांगायची शिस्त लावलेली असते. तिला ईआरसी म्हणतात, वेस्टर्न डिजिटल टीएलईआर म्हणतं. एवढी कबुली वेळेवर मिळाली की पुढचं काम पॅरिटी करते.

तुमच्या डिस्क डेस्कटॉपच्या आहेत असं मॉडेलवरून दिसतं, म्हणून माझा अंदाज असा की ब मार्चमध्ये याच कारणाने गेली. मार्चचा लॉग असेल तर उघडा. त्यात आधी टाइमआउट आणि रीसेटच्या ओळी, मग डिस्क बाद, असं दिसलं तर ब बहुधा जिवंत आहे. जिवंत, पण शिळी. हे दोन्ही एकदम खरं असू शकतं.

स्मार्ट ‘पास’ म्हणतं म्हणून निर्धास्त राहू नका. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला. त्यात स्कॅन एरर पहिल्यांदा दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत मरण्याची शक्यता, एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. पण त्याच अभ्यासात मेलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कांवर चार प्रमुख स्मार्ट खुणांपैकी एकही नव्हती. म्हणजे खूण दिसली तर गंभीर धरा, न दिसली तर त्यावरून काही ठरवू नका. आणि सीगेटच्या डिस्कवर १ आणि ७ क्रमांकासमोर कोट्यवधींचे आकडे पाहून घाबरू नका, त्यात एररबरोबर एकूण केलेल्या कामाची संख्याही मिसळलेली असते. या दोन आकड्यांच्या स्क्रीनशॉटसह रात्री अकराला येणारे फोन मी आता शांतपणे घेतो.

आता तुमच्या ॲरेचं काय करायचं

आधी प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर कागदावर लिहा, बे कोणता तेही. एसडीए, एसडीबी ही नावं रीबूटमध्ये बदलतात, त्यांच्यावर भरवसा ठेवून काहीही पुसू नका. मग प्रत्येक डिस्कचा एमडी सुपरब्लॉक (ॲरेची माहिती ठेवलेला भाग) एमडीएडीएमच्या ‘एक्झॅमिन’ने वाचा. हे फक्त वाचन आहे, निर्धोक. त्यातला ‘इव्हेंट्स’ हा ॲरेतल्या बदलांबरोबर वाढत जाणारा आकडा तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार. अ आणि क चा आकडा सारखा असेल, ड चा किंचित मागे, ब चा फार मागे. तसं निघालं तर चित्र स्पष्ट आहे: ॲरे उभा करायचा तो अ, क आणि ड वर. ब ला हात लावायचा नाही, ॲरेमध्येही घ्यायचं नाही, पुसायचंही नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा. मार्चआधी ज्या जागा लिहून झाल्या आणि पुन्हा बदलल्या नाहीत, तिथली ब वरची माहिती अजून खरी आहे. अगदीच अडलं तर तेवढ्यापुरती ती उपयोगी पडेल, पण ते काम अनुभवी माणसाच्या हाताने.

ड ला थेट ॲरेमध्ये घालून फाइली कॉपी करायला बसू नका. नवी ४ टीबी किंवा मोठी डिस्क आणा आणि डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कची कॉपी घेणारं साधन) ड ची सेक्टर-कॉपी तिच्यावर घ्या. मॅप फाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) वेगळ्या ठिकाणी ठेवायला विसरू नका, तीच पुढे लागणार आहे. पहिल्या फेरीत खराब जागा ओलांडून सोपं तेवढं सगळं वाचून घ्यायचं, मग दुसऱ्या फेरीत त्या जागांवर दोन-तीन प्रयत्न. दमलेल्या डिस्ककडून सोपं काम आधी करून घ्यायचं असा हा क्रम आहे. सेकंदाला १५० एमबी वेग धरला तर ४ टीबीला साडेसात तास लागतात, खराब जागांमुळे जास्त. संध्याकाळी सुरू करा, झाकण उघडं ठेवा, टेबल फॅन समोर लावा. आज्ञा देताना कुठून आणि कुठे हे सीरियल नंबरवरून दोनदा ताडून बघा. उलट कॉपी केली तर मग या उत्तराचा काही उपयोग नाही.

ड सुरू होताना टक-टक असा ठराविक आवाज करत असेल तर यातलं काहीही करू नका. लगेच बंद करा आणि पुण्या-मुंबईच्या डेटा रिकव्हरी लॅबकडे पाठवा. डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, भोवती जाड फोम. कुरिअरच्या पातळ पाकिटात पाठवलेल्या डिस्कांचं काय होतं ते लॅबवाल्यांना विचारा.

जमलं तर अ आणि क च्याही कॉप्या घ्या. खर्च वाढतो हे मान्य, पण ही लग्नं पुन्हा लागणार नाहीत. ते परवडत नसेल तर निदान ओव्हरले वापरा: मूळ डिस्क फक्त वाचली जाते आणि होणारं प्रत्येक लेखन वेगळ्या फाइलमध्ये जातं, चुकलं तर फाइल उडवून पुन्हा पहिल्यापासून सुरू. मग अ, क आणि ड ची कॉपी अशा तिघींनी एमडीएडीएमच्या ‘असेंबल’ला ‘फोर्स’ जोडून ॲरे उभा करा. फोर्समुळे ड चा मागे राहिलेला इव्हेंट्सचा आकडा जुळवून घेतला जातो. म्हणूनच फोर्स वापरताना यादीत ब नाही याची खात्री पाहिजे. ॲरे उभा राहिला की फाइलसिस्टम फक्त-वाचन पद्धतीने, जर्नल (अर्धवट बदलांची नोंद) न चालवता माउंट करा, म्हणजे वापरायला जोडा, आणि सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवा. एफएससीके (फाइलसिस्टमची दुरुस्ती) आत्ता नाही. डेटा दुसरीकडे सुखरूप पोचल्यावर हवं ते करा.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. डीडीरेस्क्यूला जे सेक्टर वाचता आले नाहीत, त्यांच्या जागी नव्या डिस्कवर काहीतरी आहेच, बहुधा शून्य. आणि नवी डिस्क ते विनातक्रार वाचून देते. ॲरेला वाटतं ही खरी माहिती. ब नसल्यामुळे त्याच पट्ट्यातला (चारही डिस्कांवरच्या एकमेकांशी जुळणाऱ्या जागांचा गट) ब चा भाग या शून्यांवरून काढला जातो, म्हणजे तोही चुकतो, आणि कुठेही एरर येत नाही. बारा केबीचं नुकसान चोवीस केबीपर्यंत जाऊ शकतं, गुपचूप. म्हणून मॅप फाइल जपायची. तिच्यावरून कोणत्या फाइली बाधित झाल्या हे काढता येतं. व्हिडिओत असेल तर एखाद्या क्षणी चौकटी फुटलेल्या दिसतील, बाकी लग्न ठीक. फाइलसिस्टमच्या स्वतःच्या नोंदींवर पडला असेल तर एखादं फोल्डर गायब दिसेल, तेव्हा थांबा आणि कळवा.

हार्डवेअर रेड कार्ड असलेल्यांसाठी थोडक्यात. मेगारेड जातीच्या कार्डवर प्रत्येक डिस्कसमोर ‘मीडिया एरर’ आणि ‘अदर एरर’ असे दोन आकडे दिसतात: पहिला तबकडीचा, दुसरा बहुतेक वेळा रस्त्याचा. डिस्क दुसऱ्या कार्डवर नेल्या की ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ (दुसऱ्या कार्डची मांडणी) सापडलं, काय करू, असं ते कार्ड विचारतं. तिथे ‘क्लिअर’ दाबायचं नाही, आणि ‘इम्पोर्ट’ही कोणती डिस्क शिळी आहे ते कळल्याशिवाय नाही. कार्डची बॅटरी फुगली असेल तर बहुतेक कार्ड आपणहून राइट-थ्रूवर (प्रत्येक लेखन थेट डिस्कवर) जातात. लोकांना तेव्हा फक्त ‘सर्व्हर हळू झाला’ एवढंच जाणवतं.

नव्याने मांडताना

तुमच्या जागी मी चार डिस्कांचा रेड-५ पुन्हा करणार नाही. चार डिस्कच ठेवायच्या असतील तर रेड-६ (दोन पॅरिटी) किंवा रेड-१० (एकसारख्या डिस्कांच्या जोड्या), दोन्हींत ८ टीबी मिळतात. रेड-६ मध्ये कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी चालतं. रेड-१० मध्ये एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या तर संपलं, पण रिबिल्डला फक्त जोडीदार डिस्क वाचावी लागते, त्यामुळे काम लवकर आणि कमी ताणात होतं. व्हिडिओच्या मोठमोठ्या फाइलींना रेड-६ चा लेखनवेग पुरतो. डेटाबेस चालवायचा असता तर मी रेड-१० म्हटलं असतं.

पण खरं सांगू का, तुमच्या मापाच्या धंद्याला १२ टीबीच्या दोन डिस्कांचा साधा रेड-१ (दोन्हींवर तोच डेटा) सगळ्यात बरा. पॅरिटी नाही, क्रम नाही, पट्टे नाहीत. काही झालं तर कोणतीही एक डिस्क दुसऱ्या मशीनला लावा आणि वाचा. आणि तिसरी तेवढीच डिस्क बॅकपसाठी, आठवड्याला कॉपी करून घरी नेऊन ठेवा, स्टुडिओत नाही. चुकून डिलीट झालेलं फोल्डर रेड प्रामाणिकपणे दोन्हीकडून डिलीट करतो, आणि रॅन्समवेअर आला तर दोन्हीकडे तेवढाच नीट पोचतो. रावेरच्या केळी व्यापाऱ्याचे हिशोब असोत की तुमचे अल्बम, तिसऱ्या डिस्कला पर्याय नाही.

डिस्क घेताना सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढणारी) आहे ना ते डेटाशीटमध्ये बघा. एसएमआर डिस्कवर ट्रॅक एकमेकांवर चढलेले असतात, थोडं लिहायचं तर शेजारचंही पुन्हा लिहावं लागतं. रिबिल्डच्या सलग लेखनात ती इतकी रेंगाळते की ॲरे तिला बाद करतो. डब्यावरच्या ‘नॅससाठी’ या शब्दावर जाऊ नका: वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (Red, इथे फक्त ब्रँडचं नाव) नावाच्या मालिकेत २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर होत्या हे कंपनीने २०२० मध्ये गवगवा झाल्यावर मान्य केलं. आता तिथे सीएमआर डिस्क रेड प्लस नावाने मिळतात. शक्य असेल तर दोन डिस्क वेगवेगळ्या दुकानांतून घ्या, एकाच लॉटच्या जुळ्या डिस्क एकदम आजारी पडतात हे पुष्कळ वेळा दिसतं. पार्टिशन करताना शेवटी थोडी जागा मोकळी सोडा, दुसऱ्या कंपनीची बदली डिस्क केसभर लहान निघाली तरी अडत नाही.

स्मार्टसीटीएलने (स्मार्ट वाचायचं साधन) ईआरसी ७० वर लावा. हा आकडा सेकंदाच्या दहाव्या भागांत असतो, म्हणजे ७ सेकंद. बऱ्याच डिस्क वीज गेली की हे विसरतात, म्हणून स्टार्टअप स्क्रिप्टमध्येच टाका. डिस्कला ईआरसी येतच नसेल तर कर्नलची मुदत ३० वरून १८० सेकंदांवर न्या. एवढ्या एका ओळीने तुमची ब बहुधा मार्चमध्ये वाचली असती.

मग तपासणी. डेबियन परंपरेने महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर सगळ्या ॲरेंची तपासणी लावतं. प्रत्येक सेक्टर वाचला जातो, खराब सापडला तर ॲरे पूर्ण असतानाच दुरुस्त होतो. पण आपल्याकडे दुकान बंद करताना सर्व्हरही बंद करायची पद्धत आहे! वर्षानुवर्षं ती तपासणी एकदाही झालेली नसते. दिवसा लावा, मंगळवारी दुपारी लावा, पण महिन्यातून एकदा पुरी होऊ द्या. संपल्यावर मिसमॅचचा आकडा शून्य आहे का पाहा. रेड-५ मध्ये तो शून्य नसेल तर पॅरिटी आणि डेटा जुळत नाहीत एवढंच कळतं, चूक कोणाची ते एमडीला सांगता येत नाही. ते सांगता येतं झेडएफएस या फाइलसिस्टमला, कारण तो प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (पडताळणीचा आकडा) ठेवतो. नवा सर्व्हर करणारच असाल आणि रॅम बऱ्यापैकी असेल तर झेडएफएसचा मिरर शिकून घ्या.

आणि सूचना. ब मार्चमध्ये पडली हे कळलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. एमडीएडीएमच्या मॉनिटरला ‘टेस्ट’ पर्याय आहे, तो खोटी सूचना पाठवतो. ती तुमच्या फोनवर खरोखर आली तरच व्यवस्था झाली असं समजा. सर्व्हरवर ईमेल पाठवायची सोयच नसल्याने सूचना तिथल्याच एका मेलबॉक्समध्ये पडून राहतात, असे कितीतरी सर्व्हर आहेत.

वीज आणि ऊन यांबद्दल, कारण हे खान्देश आहे. इन्व्हर्टर असला तरी सर्व्हरला वेगळा यूपीएस हवा, यूएसबीने सर्व्हरशी जोडलेला. इन्व्हर्टरची बॅटरी संपते तेव्हा तो कोणाला काही सांगत नाही, लाइट जाते आणि सर्व्हर पडतो. यूपीएस मात्र बॅटरी संपायच्या आत नीट शटडाउन करायला सांगू शकतो. डेटा लिहिला पण पॅरिटी लिहायची राहिली अशा क्षणी वीज गेली तर त्या पट्ट्याचा हिशोब चुकलेला राहतो. ॲरे पूर्ण असेल तर पुढच्या वेळी सिंक करून एमडी ते जुळवतो, बिटमॅप (कुठे लेखन चालू होतं याची नोंद) चालू असेल तर काही मिनिटांत. डिग्रेड असताना हेच झालं तर तो ॲरे सुरूच करायला नकार देतो, आणि ते योग्यच आहे.

उन्हाबद्दल लोक गूगलच्या त्याच अभ्यासाचा दाखला देतात की तापमानाचा फारसा संबंध आढळला नाही. तो डेटा सेंटरच्या हवेतला निष्कर्ष आहे, आणि त्यातही अगदी वरच्या तापमानाला जुन्या डिस्क जास्त मेल्या होत्याच. मे महिन्यात जळगाव-भुसावळला बाहेर ४५ अंश असतात, पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त, आणि डिस्क खोलीपेक्षा दहा-पंधरा अंशांनी गरम. बहुतेक डिस्कांची छापील मर्यादा ६० ते ७० अंशांच्या दरम्यान संपते. सर्व्हर तळमजल्यावर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. आणि कूलरच्या झोतात अजिबात नको. गारवा मिळतो, पण ओल आणि आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार कनेक्टरवर बसतात, आणि मग वर सांगितलेली सीआरसी सुरू होते. तुमची क कुठल्या बेमध्ये होती आणि कूलर कोणत्या बाजूला होता, ते सहज आठवून बघा.

ड ची कॉपी संपली की डीडीरेस्क्यूने शेवटी दाखवलेला न वाचलेला आकार, चारही डिस्कांचे इव्हेंट्स आणि मार्चच्या लॉगमधल्या ब बाद होण्याआधीच्या पन्नासेक ओळी पाठवा. फोर्सची आज्ञा त्यावरून ठरवू, तोपर्यंत देऊ नका.